तीन कोटेशनं, एकच घर

गटाराचं काम होतं. माहितीच्या अधिकारात मिळालेली फाईल माझ्या पुढ्यात होती. गावाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मासिक सभेचा ठराव आणि मग तीन कोटेशनं. तीन वेगळी लेटरहेडं, तीन शिक्के, तीन सह्या. पण तिन्हींत 'सिमेंट काँक्रीट'चं 'सिंमेट काँक्रेट' झालेलं. अनुस्वारसुद्धा त्याच चुकीच्या अक्षरावर. एका संगणकावर, एका बैठकीत तिन्ही टाईप झाली होती हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज नव्हती. सर्वांत कमी दर भरणारी फर्म कुणाची, असं गावातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "ही होय? ही सरपंचबाईंच्या दिरांची."

ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, तिन्ही कोटेशनं एकाच हातची दिसतात." ते शांतपणे म्हणाले, "काम बघितलंत का सर? आणि गावात दुसरा जेसीबी कुणाकडे आहे, तेही सांगा."

काम मी बघितलं होतं. गटार व्यवस्थित होतं, उतार बरोबर होता, पाणी वाहत होतं. गावात जेसीबीही खरोखरच एकच होता. मग तक्रार नेमकी कशाची?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे फार कमी लोकांना नीट देता येतं, कारण सार्वजनिक पैशाबाबत आपल्या डोक्यात एकच खण असतो, भ्रष्टाचाराचा. पैसे खाल्ले की नाही, एवढंच आपण विचारतो. नाही खाल्ले, तर माणूस स्वच्छ. पण या खणाच्या शेजारी दुसरा एक खण आहे. त्याला कागदोपत्री 'हितसंबंधांचा संघर्ष' असं जड नाव आहे. त्यात कुणी काही खाल्लेलं असायलाच हवं असं नाही. ज्या हातानं गावाच्या वतीनं ठेका द्यायचा, तोच हात ठेका घ्यायला पुढे झाला, की संघर्ष उभा राहिला. दर चढा होता की उतरता, काम पक्कं झालं की कच्चं, हे प्रश्न त्यानंतरचे. गटार फुटलं असतं, तर त्या सरपंचबाईंनी दिराला नोटीस काढली असती का? बिल अडवलं असतं का? तक्रार आहे ती या जागी.

'जो तळं राखील तो पाणी चाखील' या म्हणीत आपली जुनी समजूतदारी भरलेली आहे. राखणदारानं ओंजळभर पाणी प्यायलं तर कुणी बोलत नाही. कायदा मात्र ओंजळ मोजत बसत नाही. तळं राखणाऱ्यानं तळ्याला दोर आणि बादली विकायची नाही, एवढंच तो म्हणतो.

हा कायदा म्हणजे १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या कलम १४ मध्ये सदस्य कोण होऊ शकत नाही, याची लांबलचक यादी आहे. त्यातलं (ग) हे पोटकलम म्हणतं, की पंचायतीच्या हुकमानं केलेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा तिच्याकडच्या नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. निवडून आल्यावर असा संबंध जुळला तरी पद जातं. निर्णय जिल्हाधिकारी देतात, त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे. अपवादही आहेत. एखाद्या कंपनीचे शेअर असणं, पंचायतीची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात भाग असणं, वकील म्हणून पंचायतीची बाजू मांडणं, आपल्या दुकानातला माल क्वचित कधी ठरावीक छोट्या रकमेपर्यंत विकणं, यानं अपात्रता येत नाही. खेड्यात किराणा दुकानदारही सदस्य होणार, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. त्याच यादीत आणखी एक साधं कलम आहे: पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी मागणीनंतर तीन महिन्यांत न भरणाराही अपात्र. कूळ तेच आहे. जो गावाचा देणेकरी, त्यानं गावाच्या वसुलीवर हात वर करायचा नाही.

'हिस्सा किंवा हितसंबंध' ही शब्दजोडी मूळ आपली नाही. ती इंग्लंडच्या १८३५ च्या नगरपालिका कायद्यातून निघाली, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आली आणि तिथून राज्यभर पसरली. १८८९ साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात, स्थानिक मंडळाच्या सदस्यानं ठेका स्वतः घेतलेला नव्हता. ज्यांना ठेका मिळाला त्यांच्याकडून त्यानं कामाचा काही भाग घेतला होता. न्यायालयानं त्यालाही सोडलं नाही. माणसाचं कर्तव्य आणि त्याचा स्वार्थ समोरासमोर उभे राहू नयेत यासाठीच हा नियम आहे, असं त्या निकालाचं म्हणणं. भारतातली न्यायालयं आजही त्याचा आधार घेतात.

त्या १८८८ सालाची आपल्याकडे आणखी एक आठवण आहे. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ पासून मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांच्याच काळात ती प्रसिद्ध मंडई उभी राहिली. पुढे ते पुण्याला मध्य विभागाचे आयुक्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांच्यावर मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. चौकशी आयोगानं लाचेच्या आरोपातून त्यांना मुक्त केलं, पण आपल्याच अधिकारक्षेत्रातल्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल दोषी धरलं, आणि त्यांची नोकरी गेली. हे प्रकरण शाळेत आपण भ्रष्टाचाराची आणि टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतल्याची गोष्ट म्हणून शिकतो. मला त्यात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. लाच सिद्ध झाली नाही, तरी माणूस गेला. ज्याची बदली तुमच्या सहीनं व्हायची, त्याचे तुम्ही ऋणको झालात, एवढं कारण पुरलं.

क्रॉफर्ड यांच्या मंडईला आज महात्मा जोतिबा फुले यांचं नाव आहे. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, कारण जोतीराव ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी त्यांची. सरकारी बांधकामांची कामं त्यांनी घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. आणि १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. सरकारची कामं घेणारा, सरकारनंच नेमलेला सदस्य! आजच्या हिशेबानं अशा माणसानं तोंड शिवूनच बसायचं. पण व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून पालिकेच्या पैशानं शहर सजवायचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सदस्यांत विरोधात मत देणारे एकटे जोतीराव. पुण्यातल्या मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर जावा, असं त्यांचं म्हणणं. ठेकेदार असणं हा काही गुन्हा नाही. मत कुठे पडतं, ते बघायचं. पण प्रत्येक प्रभागातून जोतीराव निवडून येतील या भरवशावर कायदा लिहिता येत नाही. म्हणून तो माणसाकडे बघत नाही, त्याच्या जागेकडे बघतो.

आता पुन्हा त्या दिराकडे येऊ. कायद्यातले शब्द 'स्वतः किंवा भागीदारामार्फत' असे आहेत. दीर, जाऊ, नवरा, मुलगा हे शब्द तिथे नाहीत. आपल्याकडे तर संसार एका चुलीवर चालतो. चूल एक म्हणजे हितसंबंधही एकच धरायचा का?

१९६६ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या जुन्या नगरपालिका कायद्याखालची निवडणूक होती. उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता आणि बापलेक एकाच घरात राहत होते. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी निकाल दिला, की निव्वळ नात्यानं अपात्रता येत नाही. बापाचा त्या नोकरीत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, हे वेगळं दाखवावं लागेल. निकाल तर्काला धरून आहे. मुलगा पालिकेत कारकून आहे म्हणून बापानं सार्वजनिक जीवनातून निवृत्त व्हायचं, हे काही न्यायाचं नव्हे. पण गावोगावच्या ठेकेदारीला या तर्कातून मोठी वाट मिळाली. बायको सरपंच आणि फर्म नवऱ्याची; नवरा नगरसेवक आणि फर्म मेव्हण्याची. फर्म ज्याच्या नावावर, त्यानं 'आमचा व्यवहार वेगळा' म्हटलं, की तक्रारदारानं तो एक असल्याचं सिद्ध करायचं. बँकेचं खातं उघडून दाखवणार कोण?

गोव्यात मात्र गंमत झाली. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते; निम्मी त्याची, निम्मी तिची. एका गावात पंचसदस्य असलेल्या बाईंच्या नवऱ्याला पंचायतीचा ठेका मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये निकाल लागला, की नवऱ्याच्या ठेक्यात कायद्यानंच बायकोचा हिस्सा आहे, तेव्हा बाई अपात्र. म्हणजे गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्याअलीकडे बांद्यात जे चालून जाऊ शकतं, ते पलीकडे पेडण्यात चालत नाही. संसार दोन्हीकडे सारखेच. विवाहाचा कायदा वेगळा, म्हणून 'हितसंबंध' या एकाच शब्दाचा अर्थ वेगळा.

हे बदलायचं तर घटनादुरुस्ती लागत नाही. आपल्या कायद्याला 'पती किंवा पत्नी' लिहिता येत नाही असंही नाही. बेकायदा बांधकाम करणाऱ्या नगरसेवकाला अपात्र ठरवताना महापालिका कायद्यानं स्वतः, जोडीदार किंवा अवलंबून असलेली व्यक्ती, अशा तिघांनाही स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. ठेक्याच्या कलमात तेच शब्द घालायला कुणी पुढे येत नाही, यात मला अनवधान दिसत नाही.

घर आणि पद यांची गुंतागुंत सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाच्या कलमात तर फारच वाढली. अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र, असं ग्रामपंचायत कायदा म्हणतो. पण अतिक्रमण सासऱ्यानं केलेलं आणि सून निवडून आलेली असेल तर? नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानं म्हटलं, ज्यानं मुळात अतिक्रमण केलं तोच अपात्र, कुटुंबीय नाहीत. वर्षही उलटलं नव्हतं तोच, सप्टेंबर २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं उलट सांगितलं: अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र. पंचायतीच्या मालमत्तेचं रक्षण हे सदस्याचं काम, आणि तोच तिच्यावर बसलेला असेल तर रक्षण कसं करणार? हितसंबंधांच्या संघर्षाची याहून स्वच्छ मांडणी शोधून सापडायची नाही.

आणि तरीही, याच कलमानं काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंच. त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार झाली. त्यांचं म्हणणं, आम्ही त्या घरात राहतच नाही, नवरा-मुलांसह भाड्यानं राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा पदावर बसवलं आणि बाई सरपंच झाली हे गावाला पचलेलं नाही, असं स्पष्टपणे सुनावलं. जिल्हा आणि विभागाच्या कचेऱ्यांनी लोकनियुक्त महिलेला इतक्या सहज हटवायचं नाही, असंही बजावलं.

तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा. कलम १४ खालच्या तक्रारी बहुतेक कोण करतं? पडलेला उमेदवार. गावाच्या भल्यासाठी अर्ज करणारा विरळा. निकाल लागल्या दिवसापासून नकाशे, आठ-अचे उतारे, पाणीपट्टीच्या पावत्या गोळा करायला सुरुवात होते. सात ते सतरा सदस्यांच्या पंचायतीत दोन सदस्य घालवले, की सत्ता फिरते. हितसंबंध राखू नयेत म्हणून केलेलं कलम स्वतःच हितसंबंधाचं हत्यार होतं. आणि त्याचा पहिला वार बसतो तो बाईवर. निम्म्या जागा २०११ पासून महिलांना राखीव आहेत. त्यांच्या नावावर ना घर असतं, ना फर्म, ना जेसीबी. सगळं ज्याचं आहे तो 'सरपंचपती' ग्रामपंचायतीच्या कचेरीत शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. पद बाईचं जातं. त्याचं काय जाणार? त्याच्याकडे जायला पदच नसतं.

शहरात तर ठेका ही या दुखण्याची बारीकशी बाजू आहे. विकास आराखड्यात कोणता रस्ता रुंद होणार, कोणत्या सर्व्हे नंबरवरचं आरक्षण उठणार, हे नगरसेवकाला आधी कळतं. तो तिथे मामेभावाच्या नावानं गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवतो. यात पालिकेशी करार नाही, पालिकेचं काम नाही, पालिकेची नोकरी नाही. म्हणजे 'हिस्सा किंवा हितसंबंध' कलमात हे बसतच नाही. तीन लाखांच्या गटारावर कायद्याची नजर आहे आणि तीनशे पटीचा व्यवहार तिच्या बाहेर.

इंग्लंडला हा धडा सत्तरच्या दशकात मिळाला. जॉन पौल्सन नावाच्या वास्तुविशारदानं नगरसेवकांना आणि अधिकाऱ्यांना पैसे, भेटी, सल्लागारपदं देऊन इमारतींची कामं मिळवली होती. न्यूकॅसलचे वजनदार नेते टी. डॅन स्मिथही त्यात तुरुंगात गेले. त्यानंतर तिकडे वेगळी वाट धरली गेली: माणसाला बाद करण्याआधी त्याला सगळं सांगायला लावा. आज इंग्लंडमधल्या प्रत्येक नगरसेवकाला निवडून आल्यावर २८ दिवसांत आपले आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात. नोकरी, धंदा, जमीन, परिषदेशी असलेले करार, सगळं. जोडीदाराचंही. ती नोंदवही संकेतस्थळावर असते, कुणीही उघडून पाहू शकतो. तो विषय सभेत आला, की चर्चेत आणि मतदानात भाग घ्यायचा नाही. सबळ कारणाशिवाय लपवलं, तर २०११ च्या कायद्यानं तो फौजदारी गुन्हा आहे. तिकडे सगळे साधू झाले असं नाही. पण दिराचं नाव कळायला गावात विचारत फिरावं लागत नाही.

आपल्याकडे राज्यसभेच्या सदस्यांसाठी हितसंबंधांची नोंदवही आहे. गावाच्या सदस्याकडून आपण घेतो ते उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र. ते एका तारखेचं छायाचित्र असतं. पुढच्या पाच वर्षांत फर्म निघते, ट्रॅक्टर येतो, जमीन वाढते; छायाचित्र तेच राहतं.

त्या भाऊसाहेबांचा जेसीबीचा प्रश्न मी टाळलेला नाही. तो खरा आहे. हजार-बाराशे वस्तीच्या गावात ज्याच्याकडे यंत्र, त्याच्याच घरात कुणीतरी सदस्य असतो; कुवत आणि सत्ता एकाच वाड्यात नांदतात. अशा ठिकाणी 'घरच्याला काम नाही' असा कडक नियम लावला, तर गटार होणारच नाही किंवा बाहेरचा ठेकेदार येऊन दीडपट बिल करील. पण त्यालाही मार्ग होता. सभेच्या कागदावर लिहायचं: कमी दराची फर्म सरपंचांच्या दिरांची आहे, सरपंच या विषयापुरत्या बाहेर गेल्या, उपसरपंचांनी सभा चालवली, मोजमाप शेजारच्या बीटच्या अभियंत्यानं घेतलं. चार ओळी. त्या लिहिल्या असत्या, तर बाकीच्या दोन खोट्या कोटेशनांची गरजच पडली नसती. मला त्या फाईलमधला दीर खुपला नाही. खुपली ती उरलेली दोन लेटरहेडं, कारण काहीतरी झाकायचं आहे हे त्या घरालाही कळत होतं, याचा तो पुरावा होता.

तुमच्या गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होईल. तिथे आरडाओरडा करायची गरज नाही. गेल्या वर्षी झालेल्या कामांची यादी मागा आणि प्रत्येक कामापुढे बिल कुणाच्या नावानं निघालं तेवढं वाचून दाखवायला सांगा. वाचून दाखवलं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. कोटेशनं मागाल तेव्हा तिन्ही मागा. आणि शुद्धलेखन तपासा.